चुलीचे मासे

प्रशिक्षण हा शब्द नुसता ऐकला तरी माझं डोकं सणकतं. घरी नवरा मुद्दाम विचारतो, "काय, या महिन्यात कुठलं प्रशिक्षण?" आणि मी काही बोलायच्या आत गाडीची किल्ली उचलून बाहेर सटकतो. हसू दे त्याला. त्याच्या कारखान्यात मशीन बिघडलं की मशीनवाल्याला बोलावतात. आमच्याकडे काहीही बिघडलं की मास्तरांना बोलावतात आणि हॉलमध्ये बसवून ठेवतात.

गैरसमज नको, मला शिकायचा कंटाळा नाही. माझे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. कळपामागं आई आणि आम्ही बहिणी. मला एकटीला बारामतीत मावशीकडे ठेवलं, म्हणून मी शिकले. पाठच्या दोघी कळपाबरोबर गेल्या. पुढं वडिलांनी मेंढरं विकली, जमीन केली, घर बांधलं, सगळं एका जागी आलं. पण तोवर त्या दोघींचं शाळेचं वय निघून गेलं होतं. अजूनही बँकेचा कागद आला की धाकटी मला फोन लावते, "आक्का, काय लिव्हलंय बघ की गं." तेव्हा शिक्षणाची किंमत मला कुणी पडद्यावर दाखवायला नको.

माझी शाळा पळसदेवच्या अलीकडं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. मी भिगवणला राहते आणि हायवेनं स्कूटीवर जाते-येते. दुसरे गुरुजी कागदावर शाळेत असतात आणि प्रत्यक्षात मतदारयादीच्या कामावर. त्यांचाही दोष नाही, बिचारे उन्हातान्हात घरोघर हिंडतात. पण चारी वर्ग मग माझ्याच पदरात. वर्गात निम्मी मुलं ऊसवाल्या शेतकऱ्यांची आणि निम्मी मासेमारी करणाऱ्यांची. मासेवाल्यांची पालं पाण्याच्या कडेला असतात. उन्हाळा लागला, धरणातून पाणी सोडलं की काठ मागं सरतो, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर यायला लागतं, आणि काठामागोमाग पालंही उठतात. कधी पार पलीकडच्या तीराला, करमाळ्याच्या अंगाला जातात. त्यांच्याबरोबर माझी पोरंही जातात, आणि हजेरीपटावर मी नुसती फुल्या मारत बसते.

त्या पालांतलीच एक मुलगी त्या वर्षी चौथीत होती. बारीक चणीची, केस कायम उन्हानं पिंगट झालेले, आणि तोंडाची अशी फटकळ की बोलायची सोय नाही. मी फळ्यावर चुकले तर आधी ती हसणार, मग सांगणार. तिची थोरली बहीण चौथी करून जाळ्यावर गेली होती. हिचंही तेच होणार, कारण पाचवीची शाळा लांब आणि पाल आज इथं तर उद्या तिथं. एकच वाट होती. पाचवीपासूनची एक निवासी शाळा आहे, राहणं-जेवण तिथंच. प्रवेशाला परीक्षा, केंद्र इंदापूरला. मी तिच्या वडिलांना काठावर गाठलं आणि तासभर डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, "बाई, पास झाली तर ठिवतो तितं. न्हाय झाली तर आमच्यासंगं. मग पुन्हा शाळंचं काडायचं न्हाय."

"ठरलं," मी म्हणाले.

पोरीचं वाचन चांगलं होतं, बेरीज-वजाबाकी तोंडी करायची. गाडं अडलं ते भागाकारात. तेवीस भागिले पाच दिलं की ती लिहायची: चार, चार, चार, चार, सात. मी म्हणायचे, "अगं, सात कसे? सगळ्यांना सारखे हवेत ना?" ती म्हणायची, "मग वरची तीन कुठं घालू? टाकून देऊ व्हय?" मी म्हणायचे, "ती बाकी." ती म्हणायची, "बाकी म्हंजी कुणाची?" मी खडे आणले, चिंचोके आणले, पाठ्यपुस्तकातला चौकोनी कोड मोबाइलवर धरून त्यातला व्हिडिओ उघडायचा प्रयत्न केला. शाळेत रेंजच नाही, त्यामुळं ते चाक फिरत राहिलं आणि पोरं त्या चाकाकडेच बघत बसली. कपाळावर हात मारून घेतला मी.

मग एका सकाळी ती शाळेत आली नाही, म्हणून पहिली घंटा व्हायच्या आत मी पालावर गेले. नुकतीच होडी लागली होती. विकायचे मासे भिगवणच्या बाजाराच्या गाडीत गेले होते आणि घरच्यापुरती चिलापी मासळी ताडपत्रीवर पडली होती. पोरगी उकिडवी बसून वाटे पाडत होती. पाच घरांचे पाच ढीग. एकेक मासा टाकत फिरायची, लहान-मोठा बघून अदलाबदल करायची. वाटे झाल्यावर तिचे आजोबा, सगळ्यांचे आबा, ढिगांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. तिनं एका ढिगावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?" आबा न बघताच म्हणाले, "थोरल्याचा." दुसऱ्यावर बोट. "ह्यो कुणाचा?" "माझा." असे पाचही वाटे लागले. कुणी कुरकुर केली नाही. करणार कशी? सांगणाऱ्यानं ढीग बघितलेलाच नव्हता.

ताडपत्रीच्या कडेला तीन मासे वेगळे पडले होते. मी विचारलं, "आणि हे तीन?"

"ते चुलीचे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाई, तुमाला काईच कसं म्हाईत न्हाय? ते वाट्यात घ्यायचे न्हाईत. घेतले का भांडान. ज्याची चूल आदी पेटंल तितं टाकायचे, समद्यांचं कालवण."

मी तिथंच त्या ओल्या मातीत खाली बसले. म्हटलं, "बयो, अगं हीच ती बाकी!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माशांकडे. मग म्हणाली, "म्हंजी बाकी चुलीची व्हय? मग सरळ तसं सांगायचं ना! इतकं दीस उगं डोस्कं खाल्लं माझं."

त्या दिवसापासून आमच्या शाळेत बाकीला बाकी म्हणायचं बंद झालं. फळ्यावर गणित मांडलं की एकानं पाठ करून उभं राहायचं, वाटे लावायचे, आणि शेवटी सगळा वर्ग ओरडणार, "चुलीची किती?" ऊसवाल्यांची पोरंही तेच ओरडायची. आता फक्त दोन अंकी संख्येनं भागायचं राहिलं होतं. तिथं ती अजून घसरायची, पण रोज सराव घेतला तर परीक्षेपर्यंत हात बसला असता. याची मला खात्री होती.

आणि नेमकं तेव्हाच ते प्रशिक्षण आलं.

विषय होता मुक्त शैक्षणिक साहित्य. म्हणजे शिक्षकांनी आपापले पाठ तयार करायचे आणि एका ठिकाणी चढवायचे. कुणीही घ्यावेत, वापरावेत, आपल्या वर्गाप्रमाणे बदलावेत, वाटावेत. फक्त मूळ कुणाचं आहे ते लिहावं. खरं सांगते, मला ही कल्पना मनापासून आवडली. एका कोपऱ्यातल्या बाईला सुचलेलं दुसऱ्या कोपऱ्यातल्या पोराला मिळावं, यात वाईट काय? मला वाटलं, चला, कधी नव्हे ते काहीतरी धड आलं.

प्रशिक्षण ऑनलाइन. व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, शेवटी स्वतःच्या वर्गातला एक पाठ लिहून चढवायचा. व्हिडिओ पुढं ढकलता येत नाही, पूर्ण चालावा लागतो. आता आमच्या लोकांची रीत सांगते. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांची, शिक्षण परिषद असली की सगळ्यांचे मोबाइल फळ्याखाली भिंतीला टेकून रांगेत उभे करायचे, आवाज बंद करायचा आणि व्हिडिओ चालू करून द्यायचा. एका तरुण गुरुजींना तेवढंच काम, कुणाचा थांबला की पुढचं बटण दाबायचं. बाकीचे चहा पीत बदल्यांच्या गप्पा मारणार. भिंतीशी ओळीनं पन्नास तोंडं मुकाट बडबडतायत आणि कुणाचंही तिकडं लक्ष नाही. प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली असतात. मी यावर नाक मुरडत नाही. पोषण आहार, आधार, शिष्यवृत्ती, सर्वेक्षण यांच्या मधल्या फटीत माणूस व्हिडिओ तरी किती बघणार?

पण शेवटचा पाठ मी मन लावून लिहिला. नाव दिलं 'चुलीचे मासे'. वाटे कसे पाडायचे, पाठ करून कोण उभं राहणार, चुलीची किती, सगळं लिहिलं. मासे मिळत नसतील तिथं आपल्या गावात जे वाटलं जातं ते घ्या, असंही लिहिलं. पोरांचे हातच दिसतील असा एक फोटो लावला, मागं पाणी. त्याच दिवशी ग्रुपवर एका बाईंनी विचारलं, "कुणी पाठ लिहिला असेल तर नमुन्याला टाका ना प्लीज, काहीच सुचत नाही." मी टाकला. का नाही टाकायचा? वाटून घ्या हेच तर शिकवत होते आम्हाला.

मला स्वतःला मात्र तो चढवायला रेंज मिळेना. शाळेत नाही, काठावर नाही. दोन दिवसांनी डाळजजवळ हायवेच्या कडेला स्कूटी लावली, चहाच्या टपरीमागं एका विवक्षित दगडावर उभी राहिले, तेव्हा कुठं तो गेला. टपरीवाला म्हणाला, "बाई, त्या दगडावर सगळे मास्तर येऊन हुबं राहत्यात." म्हटलं, "तिकीट लाव मग."

आठवड्याभरानं मोबाइलवर निरोप. 'आपण सादर केलेला पाठ इतरांच्या पाठाशी जुळतो. आपले प्रशिक्षण अपूर्ण.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ग्रुपवरच्या लोकांनी नमुना म्हणून दिलेला पाठ जसाच्या तसा चढवला होता. त्यांनी पुढच्या ग्रुपवर टाकला, तिथल्यांनीही तेच केलं. बारामतीकडच्या उसाच्या पट्ट्यातले एक गुरुजी तर असे महाभाग, की फोटोसकट. चहूबाजूंनी ऊस असलेल्या शाळेच्या पाठात मागं उजनीचं पाणी! त्यांच्याकडे रेंज होती, त्यांचे आधी पोचले, आधी आले ते पास झाले. पुढं जुळणारे सापडायला लागले तसं मशीन हुशार झालं असावं, कारण शेवटी आलेले आम्ही काही जण कापले गेलो. त्यात मी. पाठ लिहिणारी.

नमुना मागणाऱ्या त्या बाईंचा फोन आला. रडवेला आवाज. "ताई, मला खरंच वाटलं नव्हतं हो असं होईल. सगळ्यांनी टाकला म्हणून मीही टाकला." तिच्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. तिच्या शाळेतही ती एकटीच होती.

अपूर्ण असलेल्यांनी पुन्हा प्रशिक्षण करायचं. या वेळी समोरासमोर, बारामतीला, निवासी. रात्री घरी जायचं नाही, रोज सकाळ-संध्याकाळ हजेरीचा अंगठा. तारखा बघितल्या आणि लगेच पोरीच्या परीक्षेची तारीख काढून पडताळली. संपत होतं शनिवारी आणि पोरीची परीक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. म्हणजे सरावाचा सगळा शेवटचा आठवडा मी हॉलमध्ये.

मी तालुक्याला शिक्षण खात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही. चहा सांगितला, पंखा वाढवला. मी म्हटलं, "साहेब, तो पाठ माझा आहे. माझ्याच वर्गातला आहे. चला, पोरांना विचारा."

"असेल हो बाई. मी कुठं नाही म्हणतोय? पण सिस्टिम जुळतो म्हणते."

"जुळणारच! त्यांनी माझाच घेतलाय!"

"मग बरंच आहे की. मुक्त साहित्य आहे ना ते? मुक्त म्हणजे कुणीही घ्यायचं."

"घ्यायचं, पण कुणाचं आहे ते लिहायचं. साहेब, दुसऱ्याच व्हिडिओत सांगितलंय."

साहेबांनी चष्मा वर केला. त्यांनी दुसरा व्हिडिओ बघितलेला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मी परीक्षेचं सांगितलं. मला पुढच्या तुकडीत टाका म्हटलं. ते म्हणाले, पुढची तुकडी नाही, ही शेवटची. मग शाळेचं काय, म्हटलं. ते म्हणाले, तेवढे दिवस शेजारच्या वस्तीवरच्या शाळेला जोडून घ्या, मुलं तिकडं जातील. मी विचारलं, "दोन मैल चालत? पालावरची पोरं?" ते म्हणाले, "एका मुलीसाठी मी नियम कसा वाकवू?" मला म्हणायचं होतं, एका मुलीसाठी नाही वाकवायचा तर कुणासाठी वाकवायचा? पण तोवर चहा आला, आणि साहेबांचा फोनही वाजला.

जायच्या आदल्या दिवशी मी पालावर गेले. पोरीला गणितं लिहून दिली, रोज शाळेच्या पायरीवर बसून पाटीवर करायची म्हणून सांगितलं. वडिलांना म्हटलं, "रविवारी सकाळी हिला इंदापूरला घेऊन या. मी परीक्षेच्या फाटकाशीच उभी असेन. बाकी काही तुम्हाला करायचं नाही."

"येतो की," ते जाळं झटकत म्हणाले.

पोरगी म्हणाली, "बाई, तुमी कुठं निघाला?"

"शिकायला."

"तुमाला अजून शिकायचंय?" तिला भारी हसू आलं. "तुमी नापास झाला व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

बारामतीचा हॉल चकचकीत होता. गार हवा, मऊ खुर्च्या, दर तासाला चहा. ओळखसत्र झालं, टाळ्या वाजवायच्या तऱ्हा शिकवून झाल्या. पावसासारखी टाळी, फुलासारखी टाळी. पन्नाशीचे गुरुजी फुलासारखी टाळी वाजवत होते. मी मधल्या सुट्टीत पोरीच्या वडिलांना फोन लावायचे. संपर्क क्षेत्राबाहेर. शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना लावला. ते म्हणाले, "बाई, मी यादीतच आहे अजून, शाळेकडं फिरकलो नाही." आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे मोबाइलच नाही. रोज तोच प्रकार.

मधल्याच एका दिवशी प्रशिक्षकांनी पडद्यावर आदर्श पाठ लावला. मी बघते तर काय, पाच वाटे, पाठ करून उभा राहिलेला माणूस, 'हा कुणाचा?' माझाच पाठ! फक्त माशांचे लाडू केले होते. वर कुणाला तरी मासे बरे वाटले नसावेत. आणि चूल तर गायबच. शेवटी लिहिलं होतं, 'उरलेले लाडू शिक्षकांना द्यावेत.'

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उभी राहिले आणि तिथंच सांगितलं, की हा पाठ माझा, हे लाडू नाहीत, चिलापी आहेत, आणि उरलेलं मास्तरानं खायचं नसतं! सगळा हॉल हसला. प्रशिक्षक पोरगेलासा होता, पण मनाचा चांगला. तो खरंच खाली आला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, मला माहीत नव्हतं. मला हा असाच मिळाला. तुम्हीच घ्या ना हे सत्र."

मी घेतलं. काय करणार? पेन्सिली गोळा केल्या, वाटे पाडले, पास झाल्यामुळं तिथं मदतनीस म्हणून आलेल्या त्या फोटोवाल्या गुरुजींनाच पाठ करून उभं केलं. 'ह्यो कुणाचा?' म्हटलं की ते लाजून लाजून नावं घेत होते. शेवटी सगळ्या हॉलनं ओरडून विचारलं, "चुलीची किती?" मग पावसासारखी टाळी झाली. एक क्षण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, माझ्या वर्गातही असाच एकजण अडलाय, इथून गेले की लगेच करते. यासाठीच तर लिहिला होता तो पाठ.

लगेच मी प्रशिक्षकाला बाजूला घेतलं. म्हटलं, "जो पाठ मला येत नाही म्हणून इथं आणलंय, तो मीच तुम्हाला शिकवला. आता मला जाऊ द्या. माझी एक पोरगी अडकलीय." त्याला पटलं. त्यानं वर फोन केला. बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "मॅडम, हजेरी पूर्ण लागते म्हणतात. अंगठा चुकला तर पुन्हा अपूर्ण." मी शेवटच्या दिवसापर्यंत बसले. पुन्हा 'अपूर्ण' ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं इंदापूर गाठलं. फाटकाशी उभी राहिले. लोक पोरांना घेऊन येत होते. कुणी मोटारीतून, कुणी ट्रॅक्टरवर, आया पदरानं पोरांची तोंडं पुसत होत्या. जीपमधून कुणी उतरलं की मी टाचा उंच करून बघायचे. पहिली घंटा झाली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचं कुणी यायचं राहिलंय का?" मी म्हटलं, "येईल, येईल, लांबून यायचंय." त्यानं फाटक थोडं उघडं ठेवलं. दुसरी घंटा झाली. मग त्यालाही ते लावावं लागलं.

तिथून मी वडापच्या जीपनं पळसदेवला आले आणि शाळेवर न थांबता काठाकडे चालत सुटले. पाणी पार आत गेलं होतं. जिथं पालं होती तिथं भेगाळलेला गाळ, चुलीचे तीन दगड आणि तुटक्या जाळ्याचा गुंता. परतताना शाळेपाशी, शेजारीच राहणाऱ्या खिचडीवाल्या मावशी भेटल्या. त्यांनी मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"बाई, ती पोर रोज यायची ओ. पाटी घिऊन पायरीवर बसायची. मी म्हणायची, आगं, बाई न्हाईत, दुसऱ्या शाळंत जा. ती म्हणायची, बाईंनी हितंच बसून करायला सांगितलंय. मग पाणी सोडलं धरनाचं. मासा पांगला. गेली समदी उठून."

मी हायवेला आले. डाळजच्या टपरीमागच्या त्याच दगडावर उभी राहिले आणि फोन लावला. लागला. तिचे वडील होते.

"बाई, आमी ह्या तीराला आलोय. करमाळ्याच्या अंगाला."

"अहो, आज परीक्षा होती तिची! मी सकाळपासून फाटकाशी उभी होते!"

ते म्हणाले, "आता काय सांगू बाई. शाळंला रोज कुलूप. तुमी न्हाईत, गुरुजी न्हाईत. आमाला वाटलं परीक्षाबी न्हाय राहिली. पाणी थांबतंय व्हय कुणासाठी?" आवाजात राग नव्हता, त्यानं जास्तच लागलं मला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी ती पाचवीची, चौथीवाल्यांची परीक्षा तिला कशी देऊ देतील? खरंच होतं ते. मला माहीत असून मी बोलले होते. ते म्हणाले, "आपलं ठरलं हुतं ना, बाई?"

"ठरलं होतं," मी म्हणाले.

मग फोन पोरीनं हिसकावून घेतला असावा. मागं वारा, कुणीतरी होडी ओढत होतं.

"बाई, शिकून आला व्हय?"

"आले."

"पास झाला का?"

"झाले."

"मग काय शिकला, सांगा की."

मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "वाटे पाडायला."

ती इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या बापालाही हसू आलेलं मला ऐकू आलं. "बाई, त्ये तर मीच दावलं हुतं तुमाला!"

"व्हय गं. तूच दाखवलं होतंस."

"मग आता शाळा उघडली का?"

"उद्यापासून उघडी."

ती हळूच म्हणाली, "आमी तर लई लांब आलो, बाई," आणि तिकडून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवून दिला.